हंगामापूर्वीची पैज : घटना, परिमाण आणि अंक

'पैज' हा शब्द संस्कृत 'प्रतिज्ञा' या शब्दापासून प्राकृत 'पइज्जा' या रूपाच्या द्वारे मराठीत आला. ज्ञानेश्वरीच्या काळापासून तो या भाषेत नांदत आहे. मूळ अर्थ 'ठामपणे उच्चारलेले वचन' असा असल्यामुळे पैजेत पैसा असलाच पाहिजे असे नाही. 'पैजेचा विडा उचलणे' या प्रयोगात पणाला लागते ते बोलणाऱ्याचे नाव. याच क्षेत्रातील 'शर्यत' हा शब्द अरबी 'शर्त' म्हणजे 'अट' या शब्दाच्या कुळातला. आज तो प्रामुख्याने बैलांच्या किंवा माणसांच्या धावण्याला लावला जातो. परंतु त्याच्या पोटात अट आहे, आणि जुन्या बोलण्यात 'शर्यत लावणे' म्हणजे पैज मारणेच होय. 'सट्टा' हा शब्द गुजराती-मारवाडी पेढ्यांतून आला असून 'साटेलोटे' या शब्दातील साट्याशी, म्हणजे अदलाबदलीशी, त्याचे नाते असावे. 'जुगार' मात्र द्यूताच्या घराण्यातला. येणेप्रमाणे पैज आणि शर्यत हे शब्द बोलण्याच्या व्यवहारातून, सट्टा हा देवघेवीतून, व जुगार हा खेळातून आलेला आहे. हे तीन उगम ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कारण पुढे कायद्याला जी अडचण पडली ती नेमकी यांच्या सरमिसळीतून पडली.

पैजेचा एक विशेष प्रकार असा की, तिच्यात पुढच्या एखाद्या घटनेविषयी नव्हे, तर एका संपूर्ण हंगामाच्या एकूण बेरजेविषयी वचन दिले जाते, आणि तेही हंगाम सुरू होण्यापूर्वी. या प्रकाराचे आज सर्वांत रेखीव रूप अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलच्या संदर्भात दिसते. तेथील संघ ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत साधारणपणे बारा नियमित सामने खेळतात. हंगाम सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी पैजा स्वीकारणाऱ्या पेढ्या प्रत्येक संघापुढे एक संख्या मांडतात. समजा, ती संख्या साडेआठ आहे. मग पैज लावणाऱ्याने एवढेच सांगावयाचे की, हा संघ साडेआठाच्या वर जाईल की खाली राहील. कोणता सामना जिंकला, कोणता हरला, किती गुणांनी हरला, याच्याशी काही कर्तव्य नाही. तेथे १९९२ च्या एका संघीय कायद्याने बहुतेक राज्यांना खेळांवरील पैजांस परवानगी देण्याची मनाई केली होती. तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी रद्दबातल ठरविला, आणि त्यानंतर हा व्यवहार राज्यागणिक उघडपणे चालू लागला.

मराठी वाचकाला हा खेळ परका आहे, पण व्यवहाराचा सांगाडा परका नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी हे कपाशी आणि मका पिकविणारे गाव आहे. राज्यात देवगाव नावाची गावे पुष्कळ. त्यांतून या गावाला वेगळे काढणारे 'रंगारी' हे पद कापड रंगविणाऱ्यांच्या धंद्याचे नाव आहे. अशा गावी मृगापूर्वी, पारावर वा चहाच्या दुकानी, 'औंदा पाणी किती?' आणि 'एकरी किती निघतील?' हे दोन प्रश्न विचारले जातात. दोन्ही प्रश्न बेरजेचे आहेत. दोन्हींची उत्तरे हंगाम संपल्यावरच मिळावयाची. आणि दोन्हींवर, कोणी पैज मारो वा न मारो, काहीतरी पणाला लागलेले असतेच : बियाणे, खत, उसनवारी, बँकेचे कर्ज. या दृष्टीने अमेरिकेतील 'साडेआठ' आणि देवगावातील 'एकरी आठ क्विंटल' ही एकाच घाटाची वाक्ये आहेत की नाहीत, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो.

प्रथम वाक्याचा विचार करू. 'औंदा एकरी आठ क्विंटल निघतील' हे वाक्य घेतले, तर त्याचा अर्थ 'नेमके आठ' असा की 'निदान आठ' असा? व्यवहारात ऐकणारा दोन्ही अर्थ घेऊ शकतो. साडेनऊ निघाले तर बोलणारा खोटा पडला असे कोणी म्हणणार नाही. पण 'किती निघाले?' या प्रश्नाला, साडेनऊ निघालेले असताना, 'आठ' असे उत्तर दिले तर ती लपवाछपवी ठरेल. संख्यावाचक शब्दांचा हा दुटप्पीपणा केवळ मराठीपुरता नाही. लॉरेन्स हॉर्न यांनी १९७२ च्या आपल्या प्रबंधात इंग्रजीच्या आधारे त्याची चिकित्सा केली, व संख्येचा शब्दशः अर्थ 'निदान इतके' असून 'याहून जास्त नाही' हा भाग संदर्भातून सुचविला जातो, असे प्रतिपादिले. त्यावर पुढे बराच वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मराठीपुरते पाहता एक गोष्ट स्पष्ट दिसते : ही संदिग्धता दूर करण्याची साधने आपल्या भाषेने अव्ययांच्या रूपाने जवळ ठेवली आहेत. 'आठ तरी निघतील' म्हणजे निदान आठ. 'आठच निघतील' म्हणजे आठांच्या पुढे नाही, आणि बोलणाऱ्याची नाराजीही त्यात आली. 'आठही निघतील' म्हणजे आठ ही आशेची वरची पायरी. 'आठपर्यंत जातील', 'आठाच्या आत-बाहेर', 'फार तर आठ', 'आठाला मरण नाही' अशी छटांची मोठी पंक्ती उभी करता येते. शेतकऱ्याच्या तोंडी यांपैकी 'तरी' आणि 'आत-बाहेर' हे प्रयोग विशेष येतात, आणि त्याचे कारण उघड आहे. त्याला अंदाज द्यावयाचा असतो, निवाडा नको असतो.

पैजेला मात्र निवाडा हवा असतो. 'आठाच्या आत-बाहेर' यावर पैज लागू शकत नाही. अमेरिकेतील पेढ्यांनी ही अडचण ज्या युक्तीने सोडविली ती युक्ती मराठी माणसाला ऐकताक्षणी पटावी अशी आहे. कोणताही संघ साडेआठ सामने जिंकू शकत नाही. आठ जिंकेल किंवा नऊ जिंकेल. म्हणून साडेआठ ही संख्या घडणाऱ्या गोष्टींच्या यादीत नसून दोन घडू शकणाऱ्या गोष्टींमधील कुंपण आहे. तिच्यामुळे 'निदान नऊ' आणि 'फार तर आठ' हे दोन पक्ष उरतात. 'नेमके' हा तिसरा पक्ष नाहीसा होतो आणि बरोबरीचा प्रश्नच उद्भवत नाही. काही संघांपुढे पूर्णांकही मांडला जातो. तसे झाले व संघ नेमक्या त्याच संख्येवर थांबला, तर पैज फिटली असे समजून ज्याचे पैसे त्याला परत दिले जातात. आपल्याकडे अपूर्णांकांना स्वतंत्र नावे देण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यात या कुंपणाची कल्पना आधीपासूनच रुजलेली आहे. 'साडे' हे 'सार्ध', म्हणजे अर्ध्यासहित, यातून आले. 'अडीच' हे 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा, यातून. 'दीड' हाही त्याच रीतीचा, दुसरा अर्धा. अडीच म्हणताना दोन झाले, तिसऱ्याच्या मध्यावर आहोत, असा भाव मूळ शब्दात आहे. साडेआठाची रेषा म्हणजे नवव्याच्या मध्यावर उभे राहून 'पलीकडे की अलीकडे?' असे विचारणे होय.

ही संख्या ठरते कशी, हेही थोडक्यात पाहणे उपयुक्त आहे. बारा सामन्यांपैकी प्रत्येकात संघाला जिंकण्याची संधी किती, याचा अंदाज केला जातो. समजा, तीन सामने जवळजवळ खात्रीचे आहेत व प्रत्येकात शंभरापैकी ९५ संधी आहे. चार सामन्यांत ७५. तीन सामन्यांत ६०. आणि उरलेल्या दोन अवघड सामन्यांत ३५. यांची बेरीज २.८५ अधिक ३ अधिक १.८ अधिक ०.७, म्हणजे ८.३५ येते. हा संघ सरासरीने आठांच्या थोडा वर जाईल असा त्याचा अर्थ. मग रेषा साडेआठावर ओढून 'वर' या बाजूला थोडा जास्त मोबदला ठेवला जातो. पुढे लोकांचा पैसा ज्या बाजूला झुकेल तिचा मोबदला कमी होत जातो. दोन्ही बाजू सारख्या असल्या तरीही शंभर मिळविण्यासाठी सामान्यतः एकशेदहा लावावे लागतात. म्हणजे २१० पैकी ११०, सुमारे ५२.४ टक्के वेळा बरोबर ठरला तरच लावणारा तोट्यात जात नाही. पेढीचे पोट या अडीच टक्क्यांवर चालते. लोक मात्र आपण संघाविषयी काही जाणतो अशा समजुतीने तिच्या दारात येतात.

मुंबईतील क्रिकेटच्या बेकायदा सट्ट्यात याच प्रकाराला 'सेशन' म्हणतात : ठरावीक षटकांत किती धावा होतील, यावरचा भाव. तेथे कुंपण अर्ध्या संख्येचे नसून दोन संख्यांचे असते. 'पंचेचाळीस-सेहेचाळीस' असा भाव सांगितला जातो. 'होय' म्हणणाऱ्याला सेहेचाळीस गाठाव्या लागतात. 'नाही' म्हणणाऱ्याला पंचेचाळिसाच्या आत राहावे लागते. नेमक्या पंचेचाळीस झाल्या तर दोघेही हरतात आणि भाव देणाऱ्याचे फावते. अमेरिकेतील पेढी आपली दलाली पैशात घेते. येथे ती संख्येच्या फटीत दडवलेली असते. दोन्ही ठिकाणी बोलले जाणारे वाक्य छोटे असते, परंतु त्याच्या आजूबाजूला न बोललेल्या अटी उभ्या असतात : सामना रद्द झाला तर काय, नियमित हंगामानंतरचे सामने मोजावयाचे की नाही. २०२० साली महासाथीमुळे अमेरिकेत अनेक संघांचे सामने रद्द झाले, तेव्हा या न बोललेल्या अटींना एकाएकी महत्त्व आले.

आता भाकिताशी तुलना करून पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ येथे अक्षय तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी होते व दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे निरीक्षण करून पावसाचे आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातील शेतकरी ते भाकीत उत्सुकतेने ऐकतात. त्या भाकिताची भाषा अभ्यासनीय आहे. 'साधारण', 'चांगले', 'कमी-जास्त', 'मोघम' हे तिचे शब्द. 'मोघम' हा शब्द तर स्वतःच आपली हकिगत सांगतो. ही वाक्ये खोटी पडू शकत नाहीत, असे म्हणून त्यांची थट्टा करण्यात अर्थ नाही. निवाड्यासाठी ती रचलेलीच नाहीत. पुण्याहून प्रसिद्ध होणारे भारतीय हवामानशास्त्र विभागाचे दीर्घकालीन अंदाज या बाबतीत मधल्या पायरीवर उभे आहेत. पावसाळ्याविषयीचा पहिला अधिकृत अंदाज १८८६ साली प्रसिद्ध झाला. आज जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या देशव्यापी पावसासाठी १९७१ ते २०२० या काळाची सुमारे ८७ सेंटीमीटर ही सरासरी धरून तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांना 'सामान्य' असे नाव दिले आहे. ९० च्या खाली तो 'अपुरा', ११० च्या वर 'अतिरिक्त'. म्हणजे शब्द भाकिताचेच, पण प्रत्येक शब्दाला दोन्ही बाजूंनी संख्येचे कुंपण. 'सामान्य' या शब्दाचा पारावरचा अर्थ आणि विभागाचा अर्थ यांत जे अंतर पडते, त्यातून दर वर्षी गैरसमज होतात. जूनमध्ये ओढ दिलेल्या आणि सप्टेंबरात कोसळलेल्या पावसाची बेरीज 'सामान्य' येऊ शकते. देवगावच्या कपाशीला त्या बेरजेचा काय उपयोग? बारापैकी नऊ सामने जिंकणाऱ्या संघाच्या बाबतीत कोणते नऊ हे पैजेला विचारावे लागत नाही. पिकाला ते विचारावे लागते.

बेरजेच्या या पैजेने कायद्यापुढे जो पेच उभा केला त्याची हकिगत मुंबईची आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार शून्य ठरविला. म्हणजे जिंकलेले पैसे न्यायालयामार्फत वसूल होत नाहीत. मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजेला साहाय्यभूत असे इतर करारही आधीच शून्य केलेले होते. परंतु शून्य असणे निराळे आणि गुन्हा असणे निराळे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराचे अड्डे चालविणे हा गुन्हा ठरविला. त्याच सुमारास मुंबईत पावसावरचा सट्टा जोरात होता : अमुक वेळात पाऊस पडेल की नाही, पडल्यास किती. १८८९ साली नरोत्तमदास मोतीराम यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की, पावसावर पैज लावणे हा 'जुगार' होतो काय. न्यायालयाने 'नाही' असा निर्णय दिला. पाऊस हा खेळ नव्हे. जेथे खेळ नाही तेथे, त्या वेळच्या कायद्याच्या शब्दांप्रमाणे, जुगार नाही. द्यूताच्या घराण्यातला शब्द प्रतिज्ञेच्या घराण्यातल्या व्यवहाराला लागू होईना, असेच हे झाले. पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, कायदा दुरुस्त करून पावसावरील पैज त्यात ओढून घेण्यात आली. कलकत्त्यात बडाबाजारातील पावसाच्या सट्ट्यासाठी असाच कायदा १८९७ मध्ये करावा लागला.

मुंबईचा तो कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालू आहे, आणि त्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशावरील पैज जुगारात मोडते याची जी जंत्री आहे ती अर्थविचाराच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. तिच्यात पाऊस पडणे किंवा न पडणे हे एक. पावसाचे प्रमाण हे दुसरे. आणि ते प्रमाण सांगणाऱ्या संख्येतील अंक हे तिसरे. कापूस आणि इतर मालाच्या भावाबाबतही भाव आणि त्या भावातील अंक असा भेद केलेला आहे. मसुदा करणाऱ्याने तत्त्वज्ञानासाठी हा भेद केला नव्हता. प्रत्येक पळवाट बुजविण्यासाठी केला होता. परंतु त्यायोगे घटना, परिमाण आणि अंक असे तीन निराळे विषय पैजेला असू शकतात, हे अनायासे नोंदले गेले. घटनेवर पैज लावणारा जगाविषयी बोलतो. परिमाणावर लावणाराही जगाविषयीच बोलतो, पण मोजमापाच्या पद्धतीवर विसंबून. अंकावर लावणारा जगाविषयी काहीच बोलत नाही.

तिसऱ्या पायरीचा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता आणि बंद भाव तारयंत्राने मुंबईस येत, आणि त्या भावातील अंकांवर पैसे लावले जात. हा 'आकडा'. कापूस महाग झाला की स्वस्त, याच्याशी लावणाऱ्याला देणेघेणे नव्हते. खानदेश-मराठवाड्यात वेचणी चालू आहे की बोंडअळी पडली आहे, याच्याशी तर नव्हतेच. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबले, तेव्हा व्यवहार बंद पडावयास हवा होता. तो पडला नाही. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ साली रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे मटका सुरू केला. प्रथम मडक्यातून चिठ्ठ्या आणि पुढे पत्ते काढून तीन अंक मिळवावयाचे, त्यांच्या बेरजेतील एकक स्थानचा अंक घ्यावयाचा : पाच, तीन आणि सहा आले तर बेरीज चौदा, आणि आकडा चार. 'ओपन' आणि 'क्लोज' हे कापूस बाजाराचे शब्द मात्र तसेच राहिले. ज्या वस्तूचे ते नाव होते ती वस्तू निघून गेली; नाव टिकले. शब्दार्थाच्या ऱ्हासाचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

अशा टिकलेल्या नावांचे एक निरुपद्रवी उदाहरण महसूल खात्यात आहे. पिकाचा अंदाज पूर्वी सोळा आण्यांच्या मापाने करीत, त्याला आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. बोलण्यात मात्र आणेवारी अद्याप चालते. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी असे तिचे टप्पे आहेत, व पन्नास पैसे ही तिची रेषा. रेषेच्या खाली असलेल्या गावांना जमीन महसुलातील सूट, कृषिपंपाच्या वीजदेयकातील सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती मिळत आल्या. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने दुष्काळ ठरविताना पर्जन्य, आर्द्रता, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई अशा निर्देशांकांना पुढे आणले व पैसेवारीचे वजन कमी केले. तरीही ५१ आणि ४९ यांतला फरक गावाला अजून पुरतेपणी कळतो. येथे गाव 'खाली' या बाजूस उभे असते, आणि ते स्वाभाविक आहे.

पीक विम्याची रचना तर जवळजवळ अमेरिकेतील पैजेच्या घाटाचीच आहे. २०१६ च्या खरिपापासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हंगामापूर्वी 'उंबरठा उत्पन्न' ही संख्या निश्चित होते : मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी, गुणिले ठरविलेला जोखीमस्तर. समजा, सरासरी हेक्टरी दहा क्विंटल आणि जोखीमस्तर ७० टक्के, तर उंबरठा सात क्विंटल. पीक कापणी प्रयोगांतून प्रत्यक्ष उत्पन्न ५.६ निघाले, तर घट सातावर १.४, म्हणजे २० टक्के, आणि विमा रकमेच्या तेवढ्या टक्क्यांची भरपाई. ही पैज नव्हे, असे कायदा म्हणतो, आणि त्याचे कारण योग्य आहे. पैज लावणाऱ्याचा घटनेत पैजेव्यतिरिक्त काहीही हितसंबंध नसतो, शेतकऱ्याचा असतो. त्याचे पीक बुडालेले असते. सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख यांच्या १९५९ च्या खटल्यात पैजेचा करार शून्य असला तरी बेकायदेशीर वा अनैतिक नव्हे असा निर्वाळा दिला. परंतु पैज आणि विमा यांमधील भिंत त्या निर्णयाने पाडलेली नाही.

त्या भिंतीला एक भेग मात्र आहे आणि ती शब्दात आहे. उंबरठ्याशी तुलना होते ती शेतकऱ्याच्या शेताची नव्हे, तर महसूल मंडळाच्या सरासरीची. देवगाव रंगारी हे गावाचे नाव आहे तसेच मंडळाचेही. एखाद्याच्या बांधावर पाणी साचून कपाशी जळाली, पण मंडळातील प्रयोगांची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली, तर त्याला काही मिळत नाही. 'देवगावचं पीक गेलं' हे वाक्य तो आपल्या शेताविषयी उच्चारतो. योजना ते मंडळाविषयी वाचते. कर्ता एकच, निर्देश दोन. या ठिकाणी त्याचा हितसंबंध त्याच्या शेतात राहतो आणि निवाडा दुसरीकडे होतो. तो मंडळाच्या बेरजेवर अवलंबून असलेला, म्हणजे नेमका त्या अमेरिकन लावणाऱ्याच्या जागी उभा असलेला, मनुष्य बनतो. फरक एवढाच की, त्याने 'वर' किंवा 'खाली' यांपैकी बाजू निवडलेली नसते.

निवड आणि स्वीकार ही पैजेची आवश्यक अंगे आहेत. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत उच्चार हीच कृती असलेल्या वाक्यांची जी उदाहरणे दिली, त्यांत उद्याच्या पावसावर लावलेल्या सहा पेन्सच्या पैजेचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १८८९ चा मुंबईचा खटला त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. योगायोग म्हणून त्याची नोंद करावी. पैज एकट्याने लागत नाही, समोरच्याने ती घेतली पाहिजे, हेही त्यांनी दाखविले. इंग्रजीत हे वाक्य वर्तमानकाळी असते. मराठीत पैज मांडणारा 'लावतोस का?' असे विचारतो आणि घेणारा म्हणतो, 'लागली!' क्रिया या उच्चारानेच घडत असते, तरी रूप भूतकाळाचे. 'दिला शब्द', 'सोडलं तुला', 'ठरलं' यांचीही हीच जात. जे बोलताक्षणी पुरे होते ते मराठी भाषक झालेले म्हणूनच उच्चारतो. 'हा आलो' या प्रयोगात भूतकाळ नजीकच्या भविष्याला लावला जातो, असे व्याकरणात सांगतात. 'लागली' येथे तसे नाही. येथे भविष्य अजिबात नाही. पावसाचे काय व्हावयाचे ते चार महिन्यांनी होईल, पैज मात्र या क्षणी लागून गेलेली आहे.

'लावणे' आणि 'लागणे' ही प्रयोजक आणि मूळ धातूंची जोडी या सर्व व्यवहारांत आढळते. आकडा लावतो तो माणूस; आकडा लागतो तेव्हा लावणारा कोणी उरत नाही, तो आपोआप लागतो. पैसे घेणाऱ्याला बाजारात 'खाणारा' म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो या खाणाऱ्यांवर आणि त्यांच्या जाहिरातदारांवर रोखलेला आहे. देवगावच्या शेतात मृगाच्या पाण्यावर कपाशीही 'लावतात', आणि पुढे पात्या व बोंडे 'लागतात'. त्या व्यवहारातही लावणारा असतो, लागणे असते, आधी धरलेली एक संख्या असते. 'लागली' असे म्हणणारा समोरचा पक्ष तेवढा तेथे नसतो.